खाली किती जागा

पहिल्या वर्षी मी सूर केसभरच खाली धरला.
कुणाला कळलं नाही.
ओझुर्गेतीतलं लग्न होतं ते,
डुक्कर अर्धंकच्चं निघालं होतं,
नवरीचा मामा पिऊन विहिरीशी भांडत होता,
सुराकडे बघतो कोण.

आमच्याकडे गाणं तिघांचं.
मधला आधी उचलतो, तो मी.
खर्ज पोलीकार्पेचा,
बैलासारखा, आणि तितकाच बिनतक्रार.
वर एरास्ती. क्रिमानचुली म्हणतात त्या गळ्याला,
ज्यात शब्द नसतात,
कोंबड्याला आरवता आरवता हसू फुटावं तसा
तुटतो, उडी मारतो, पुन्हा स्वतःलाच झेलतो.
पन्नास वर्षं तो छपरावर चढलेला पोरगा
आणि आम्ही दोघं शिडी धरून.

मग एका उडीत त्याचा पाय निसटला.
लोकांना वाटलं, नवी हरकत घेतली.
टाळ्याही पडल्या.
मी मात्र त्याच्या मानेवरची शीर पाहिली.

सांगायचं कसं?
कवळीबद्दल बोलतो आम्ही,
लघवीच्या तक्रारींवर तर जेवताना बोलतो,
बायका उठून जातात.
पण गळ्याबद्दल,
तोही त्याच्या,
माझी जीभ रेटेना.
म्हणून दर हिवाळ्यात थोडं थोडं खाली.
चहाचा कारखाना बंद पडला तसं,
आधी एक पाळी, मग दुसरी,
भोंगा मात्र बरीच वर्षं वाजत होता.

अकराव्या वर्षी पोलीकार्पेनं मला हेझलनटच्या झाडीत गाठलं.
म्हणाला, अजून किती?
माझ्या खाली आता जमीन लागलीय,
आणि जमिनीत दारूचे रांजण पुरलेत.
त्यांच्याही खाली जाऊ?

त्याच महिन्यात एरास्तीची नात थेओना बातुमीहून आली.
फोनवर लावलं तिनं आमचंच गाणं,
कारखान्याच्या क्लबात कधीकाळी टेप केलेलं.
केवढ्या वर होतो आम्ही!
पोलीकार्पे ताटात बघू लागला.
मी मिठाची वाटी सरकवली, कुणी मागितली नव्हती.
एरास्तीनं शेवटपर्यंत ऐकलं.
टेप जोरात फिरतेय, म्हणाला.
जुन्या टेपा फिरतातच, मी म्हणालो.

रात्री फाटकापर्यंत सोडायला आला.
तेंदूवर चढलेला द्राक्षवेल, काळोख, त्याचं खोकणं.
माझी बाही धरून म्हणाला,
आता थांब रे तू.
अकरा वर्षं बघतोय, दर वर्षी खाली उचलतोस,
गळा बसत चाललाय तुझा.
तुला लागू नये म्हणून मी गात राहिलो.
मला काय, वर आता पूर्वीची मजा नाही.

माझ्या तोंडात एक वाक्य आलं होतं.
अक्रोडासारखं, अख्खं.
फोडलं असतं तर आत काय निघालं असतं
मला माहीत होतं.
त्याला माहीत होतं का, हे मात्र
मला अजून माहीत नाही.

थांबतो, मी म्हणालो.
तू म्हणतोस तर थांबतो.

नाताळात पोरं गायली.
खर्जाला पोलीकार्पेच,
तळघरातून उन्हात आलेल्या माणसासारखा डोळे मिचकावत.
वर नेस्तोरी, सतरा वर्षांचा, मिसरूड फुटलेला,
उडी मारताना भिवया उचलतो, सांगायला हवं कुणीतरी.
आम्ही दोघं भिंतीलगतच्या बाकावर.
एरास्तीचं तोंड किंचित उघडं,
पाणी मागणाऱ्याचं असतं तसं.

फार वर उचललं पोरांनी, तो कुजबुजला.
नाही, मी म्हणालो. तिथंच असतं ते.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ.
मग मक्याची भाकर मोडली
आणि मोठा तुकडा माझ्या पुढ्यात ठेवला.